मोट, बर्फ आणि दीड टन : भिंतीवरच्या उष्णता-पंपाचा इतिहास

मे महिन्यात वाशीमच्या बाजारात एसी घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘‘एक टनाचा दाखवू की दीड टनाचा?’’ आतला आणि बाहेरचा असे दोन्ही भाग तराजूत घातले तरी यंत्राचे वजन चाळीस-पन्नास किलोच्या आसपासच भरते. मग हा दीड टन कशाचा? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. ‘हवेचा’, ‘गॅसचा’, ‘ताकदीचा’ अशी उत्तरे येतात. खरे उत्तर इतिहासात आहे आणि ते समजले की हे यंत्र नादुरुस्त का होते व नीट कसे राहते, हेही समजते. म्हणून या लेखात आम्ही इतिहास आणि दुरुस्ती या दोन गोष्टी एकत्र मांडत आहोत.

ताटीपासून कूलरपर्यंत

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर असल्यामुळे हा भाग खालच्या अकोल्याइतका तापत नाही. तरीही उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातोच. वऱ्हाडातील जुन्या माणसांनी यावर आपला उपाय शोधला होता. जाड मातीच्या भिंती आणि वर धाबे अशी घरे दिवसाची उष्णता सावकाश आत घेत व रात्री सावकाश सोडत. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडले जाई.

ताटीमागचे विज्ञान सोपे आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते. ही उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. हाच पाण्याचा अप्रकट उष्मा.

एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील साहेब लोकांच्या बंगल्यांत ‘थर्मांटिडोट’ नावाचे एक अवजड यंत्र दिसू लागले. लाकडी पेटीत मोठा पंखा, पेटीच्या बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या आणि पंखा फिरवायला एक माणूस, अशी त्याची रचना. माणसाच्या जागी विजेची मोटर बसवा, पाणी चढवायला एक छोटा पंप लावा, लाकडाऐवजी पत्रा वापरा. हा झाला आपला कूलर! विदर्भात आजही उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघर कूलरच्या ताट्या बदलण्याचे काम निघते. वाळ्याची जागा बहुतेक ठिकाणी लाकडाच्या भुश्याने किंवा कागदी जाळीने घेतली आहे, पण तत्त्व तेच.

कूलरला निसर्गाने एक मर्यादा घालून दिली आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवतो. चांगला कूलर या दोन तापमानांमधील तीन चतुर्थांश अंतर तोडतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. जुलैत तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते, तेव्हा ओला तापमापक सुमारे २७ अंशांवरच थांबतो. आता तोडायला अंतरच उरत नाही. पाऊस पडल्यावर कूलर ‘चिकचिक’ करतो, ती त्याची चूक नव्हे.

बर्फ : वाहून आणलेला गारवा

बाष्पीभवनाने मिळतो त्यापेक्षा अधिक गारवा हवा असेल तर जुन्या काळी बर्फ लागे. ‘आईन-ए-अकबरी’त शोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची रीत नोंदलेली आहे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये अलाहाबादकडील पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री गवत-काड्यांच्या थरावर मातीची उथळ भांडी पाण्याने भरून ठेवत आणि पहाटे त्यांवर धरलेला पातळ बर्फ गोळा करून खड्ड्यात साठवत.

पुढे बर्फ जहाजातून आला. १८३३ मध्ये बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांचे ‘टस्कनी’ हे जहाज तळ्यांतून कापलेला बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचले. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. नंतर मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. मद्रासचे बर्फघर आज ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून उभे आहे. १९३४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘फ्रंटियर मेल’ला वातानुकूलित डबा जोडला गेला, तोही बर्फावरच चाले. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवत, त्यांवरून हवा आत सोडत आणि वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर नव्या लाद्या भरत.

आता सुरुवातीचा प्रश्न. अमेरिकेत गारवा देणारी यंत्रे आली तेव्हा गिऱ्हाईक बर्फाच्या हिशेबात विचार करणारे होते. साहजिकच यंत्राची क्षमता सांगताना ‘हे यंत्र दिवसाला किती बर्फाचे काम करील’ हे सांगावे लागे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढून नेणारे यंत्र ‘एक टनाचे’. गणित वर्गात करता येईल. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. ९०७ ला ३३४ ने गुणून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की सुमारे साडेतीन किलोवॅट येतात. दीड टनाचा एसी चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर १,३६० किलो बर्फाचे काम करतो. एवढा बर्फ रोज चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत चढवायचा म्हटले तर किती हमाल लागतील?

मोटेचे तत्त्व

बर्फ न आणता गारवा मिळवण्याची वाट स्कॉटलंडमधील विल्यम कलेन यांनी दाखवली. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ईथर झपाट्याने उडून जाते आणि इतकी उष्णता शोषते की पाण्याचा बर्फ होतो, हे त्यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केले. पण उडालेले ईथर वाया जाई. १८३४ मध्ये जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये जे पेटंट घेतले, त्यात ही त्रुटी दूर केली होती. उडालेली वाफ दाबून पुन्हा द्रव करायची आणि तेच द्रव पुन्हा वापरायचे. आजचे बहुतेक शीतकपाट आणि एसी याच बंद चक्रावर चालतात.

हे चक्र समजावून सांगायला आम्हांला मोटेइतके चांगले उदाहरण दुसरे आढळले नाही. पाणी आपोआप खाली वाहते. विहिरीतून वर आणायला मोट लागते. तशी उष्णता आपोआप गरमाकडून गाराकडे जाते. गार खोलीतून काढून तापलेल्या अंगणात टाकायची तर ती ‘उपसावी’ लागते. म्हणूनच या यंत्राला उष्णता-पंप म्हणतात. नळीतला वायू ही मोट. खोलीतल्या जाळीत तो कमी दाबाखाली उकळतो आणि उष्णता भरून घेतो, म्हणजे मोट विहिरीत बुडून भरते. कॉम्प्रेसर म्हणजे धावेवर चालणारे बैल. तो वायू दाबून तापवतो. बाहेरच्या जाळीत वायू उष्णता सोडून द्रव होतो, म्हणजे मोट थारोळ्यात रिकामी होते. मग बारीक केशनलिकेतून किंवा झडपेतून द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि रिकामी मोट पुन्हा विहिरीत जाते.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की मोट खर्च होत नाही. दिवसभर पाणी उपसले तरी मोट तीच असते. दुसरी, विहीर जितकी खोल तितके बैल थकतात. तसेच आतल्या आणि बाहेरच्या जाळीच्या तापमानांत जितके जास्त अंतर, तितकी वीज जास्त.

लॉर्ड केल्विन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले विल्यम टॉमसन यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले की हेच यंत्र उलटे वापरून इमारत उबदारही करता येईल, आणि ते इंधन थेट जाळण्यापेक्षा काटकसरीचे ठरेल. ऑस्ट्रियातील पीटर फॉन रिटिंगर यांनी त्याच दशकात एबेन्झे येथील मिठागरात खारे पाणी आटवण्यासाठी असे यंत्र उभारले. झुरिकच्या नगरसभागृहाला १९३८ पासून लिमात नदीतून उपसलेली उष्णता मिळू लागली. आज ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एसीत वायूचा मार्ग उलटवणारी एक झडप असते, एवढाच काय तो फरक. पौषातल्या थंडीत तारेचा हीटर एका युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो. उष्णता-पंप साधारण तीन युनिट देतो, कारण उरलेली दोन तो बाहेरच्या गार हवेतून उपसतो.

भिंतीवर येईपर्यंत

विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी हवेची आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली. दमटपणामुळे कागद फुगून रंगांचे ठसे जुळत नसत. म्हणजे वातानुकूलन आले ते माणसांच्या नव्हे, कागदाच्या सोयीसाठी.

घरात यंत्र यायला वायूची अडचण होती. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड हे त्या वेळचे वायू विषारी होते. थॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये काम हाती घेऊन १९३० मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बन जाहीर केले. हे वायू जळत नव्हते आणि विषारीही नव्हते. हाच त्यांचा गुण पुढे दोष ठरला. वातावरणात न मोडता ते वर स्थितांबरापर्यंत पोचतात आणि तेथे अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन सोडतात. ते क्लोरीन ओझोनचा नाश करते, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट उघड झाली, १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला.

यंत्राचे दोन तुकडे करून गोंगाट करणारा भाग बाहेर ठेवण्याची पद्धत जपानमध्ये १९६०च्या दशकात रुजली. १९८१ मध्ये तोशिबाने घरगुती इन्व्हर्टर एसी आणला. त्यातला कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू न होता गरजेप्रमाणे वेग बदलतो. भारतात खोलीच्या एसीवर ताऱ्यांची पट्टी २०१० पासून सक्तीची झाली.

‘गॅस भरणे’ : एक महाग गैरसमज

वाशीम, कारंजा, रिसोड अशा गावांत आता सिमेंटच्या स्लॅबच्या सदनिका वाढल्या आहेत. धाब्याच्या घराला जी उष्णता आवरत होती ती स्लॅबला आवरत नाही. टंचाईच्या वर्षी कूलरच्या टाकीत ओतायला पाणीही नसते. कूलरने एक टनाएवढा गारवा द्यायचा तर तासाला पाचेक लिटर पाणी उडून जाते. त्यामुळे एसी वाढत आहेत. दुरुस्तीची समज मात्र त्या मानाने मागे राहिली आहे.

‘‘दोन वर्षे झाली, गॅस संपला असेल, भरून घ्या,’’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. मोटेचे उदाहरण आठवावे. वायू इंधनासारखा जळत नाही. झिजत नाही, संपत नाही. तो कमी झाला असेल तर एकच कारण : नळीला कोठेतरी गळती आहे. सांधा सैल असेल, जाळीला बारीक छिद्र पडले असेल. फाटकी मोट न शिवता दरवर्षी नवी मोट घेणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणू?

नुकसान फक्त खिशाचे नाही. जुन्या एसींतील आर-२२ हा वायू ओझोनला काही प्रमाणात घातक आहे. शिवाय त्याचा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापवाढ करतो. नव्या एसींतील आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचाही एक किलो सुमारे ६७५ किलोंच्या बरोबरीचा आहे. काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तापवाढीच्या बाबतीत जवळपास निरुपद्रवी, पण ज्वलनशील. असे वायू कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली आणि २०२१ मध्ये भारताने ती स्वीकारली. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख दुरुस्ती-तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. परदेशात झालेल्या कराराचे यशापयश गावातल्या मेकॅनिकच्या पान्यावर अवलंबून असते, हे यातून दिसते.

योग्य दुरुस्तीचा क्रम असा : उरलेला वायू हवेत न सोडता टाकीत काढून घेणे, नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने गळती शोधणे, सांधा दुरुस्त करणे, निर्वात पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढणे, आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका वायू काट्यावर तोलून भरणे. दाब देण्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होतो. नायट्रोजनची टाकी आणि वजनकाटा सोबत नसलेल्या माणसाच्या हाती हे काम देऊ नये.

घरच्या घरी काय करावे?

आता विहिरीच्या खोलीचा मुद्दा. आतल्या गाळणीवर धूळ बसली की जाळीवरून हवा कमी जाते आणि जाळी गरजेपेक्षा जास्त गार होते. बाहेरच्या जाळीवर कचरा बसला की ती जास्त तापते. दोन्हींतले अंतर वाढते, म्हणजेच विहीर खोल होते आणि तेवढ्याच गारव्याला वीज जास्त लागते. आपल्या जिल्ह्यात ऑक्टोबरात हडंब्यावर सोयाबीन निघते तेव्हा हवेत बारीक भुसा असतो. उन्हाळ्यात धुळीची वावटळ असते. म्हणून आतली गाळणी वापराच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. बाहेरची जाळी वर्षातून दोनदा, मुख्य वीजपुरवठा बंद करून, मंद धारेने धुवावी. जोराच्या धारेने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात. बाहेरच्या भागाचे झाकण स्वतः उघडू नये. आतला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही काळ भारित असतो.

काही लक्षणे ओळखायला शिकावे. आतल्या जाळीवर बर्फ धरला म्हणजे एसी ‘जोरात’ चालतो असे नव्हे. हवा कमी जात असल्याचे किंवा वायू गळल्याचे ते चिन्ह आहे. भिंतीवरून पाणी ओघळते तेव्हा बहुधा निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली असते. मे महिन्यात नळीतून पाणी फारसे येत नाही आणि जुलैत धार लागते, हा मात्र बिघाड नाही. हवेत बाष्पच कमी-जास्त असते. थंड हवेची झोत नको तेवढी असेल तर २४-२६ अंशांवर ठेवून सोबत छताचा पंखा लावावा.

कूलरवाल्यांनी मात्र एक गोष्ट विसरू नये. ओला पत्रा आणि अर्थिंग नसलेली जोडणी यांमुळे विदर्भात उन्हाळ्यात विजेच्या धक्क्याने माणसे दगावतात. पाणी भरताना पिन काढून ठेवावी. हा नियम मुलांकडून पाठच करून घ्यावा.

वर्गासाठी

दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळावे. रोज दुपारी एकाच वेळी दोन्हींची नोंद मार्चपासून शाळा सुटेपर्यंत आणि पुन्हा जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत ठेवावी. दोन्हींमधील फरकाचा आलेख काढला की आपल्या गावात कूलर कोणत्या तारखेपर्यंत उपयोगी आहे, हे मुलांना स्वतःच सांगता येईल. ज्यांच्या घरी एसी आहे त्या मुलांनी यंत्रावरील पट्टी वाचून वायूचे नाव व वजन वहीत उतरवावे आणि गेल्या काही वर्षांत किती वेळा ‘गॅस भरला’ ते घरी विचारावे. सगळ्या वर्गाची बेरीज करून, किती किलो वायू हवेत गेला असेल याचा अंदाज काढावा. १६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो; त्या दिवशी हा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावता येईल.